बुधवारचे जिने

नववीच्या वर्गात मास्तरीण दरवर्षी एक तमाशा करायची. टेबलावरचा डस्टर उचलून डोक्याच्या वर धरायची आणि विचारायची, "आता यात काय वाढलं?" पोरं म्हणायची, काही नाही बाई, डस्टर तोच आहे. मग ती हात सोडायची. डस्टर धपकन फरशीवर आपटायचा, खडूचा धुरळा उडायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली शिंकायला लागायच्या. "काहीच नव्हतं, तर हा आवाज कुठून आला?" मग ती सांगायची, "जो वस्तू उचलतो, त्याची मेहनत त्या वस्तूत जाऊन बसते. वस्तू खाली येईपर्यंत ती तिथेच असते. उचलणारा घरी गेला, जेवला, झोपला, तरी असते." उचलणारा मेला तरी, असं काही ती कधी म्हणाली नव्हती. म्हणायची वेळच आली नव्हती.

तिचे बाबा चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायचे. थोडीथोडकी नाही, एकतीस वर्षं. लोक त्यांना टोलेकाका म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं, वरून मात्र तोंड वाकडं करायचे. घड्याळ जुनं, एकाच वजनावर चालणारं. एकशे दहा किलोचं ते लोखंडी धूड पोलादी दोरीला टांगलेलं. वर घड्याळाच्या खोलीत हँडल फिरवायचं, की ते इंचाइंचाने बारा मीटर वर चढायचं. मग ते आठ दिवस आपलं हळूहळू खाली उतरत राहायचं, आणि त्या उतरण्यावर काटे फिरायचे, टोले पडायचे. तळाला टेकलं की घड्याळ बंद. बाबांनी ते कधी टेकू दिलं नाही. दर रविवारी सकाळी साडेआठला ते घरातून निघायचे, एक दिवस हाताशी राखून.

त्या रविवारीही गेले. साडेनऊला परत आले, चहा घेतला, दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, त्यातलं दुसरं कपात पडलं म्हणून स्वतःवरच चिडले. मग खुर्चीत पेपर घेऊन बसले. आईने आतून दोनदा हाक मारली, "अहो, ऐकलंत का?" तिसऱ्यांदा ती हात पुसत बाहेर आली, तेव्हा पेपर जमिनीवर होता.

डॉक्टर आले, तपासलं, कागद लिहिला. वय सदुसष्ट, वजन साठ किलो, हृदयक्रिया बंद. कागद मास्तरणीच्या हातात देताना म्हणाले, "मी त्यांना वर्षापूर्वीच बजावलं होतं, जिने कमी करा म्हणून. घरी बोलले नाहीत?"

नाही. बाबा घरी बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, घरात माणसं बसलेली असताना मास्तरणीने मागच्या खोलीत एका उत्तरपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. कुणाला रडू येतं, कुणाला झोप येते, तिला गणित सुचलं, त्याला काय करणार! एकशे दहा किलो, बारा मीटर. गुणिले नऊ पूर्णांक आठ. बारा हजार नऊशे छत्तीस ज्यूल. मोठा वाटतो आकडा, पण जेवणाच्या हिशेबात बघितलं तर बिस्किटाचा एक तुकडा. बाबांच्या हातांनी या जगात शेवटचं ठेवलेलं काय, तर बिस्किटाचा एक तुकडा! तो कागद तिने चुरगळला आणि मग रडली. भरपूर रडली.

आता तिचा भाऊ. दादा जहाजावर इंजिनीअर. बातमी पोचली तेव्हा भर समुद्रात होता, जहाज शुक्रवारी बंदराला लागणार आणि तो शनिवारी सकाळी घरी पोचणार. बापलेकांचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. सुट्टीवर आला असताना दादाने घड्याळाला विजेची मोटर बसवायचा आराखडा काढून आणला होता, चांगला रंगीत, बाणबीण दाखवून. बाबांना आराम मिळावा एवढाच त्याचा हेतू. बाबा म्हणाले, "माझ्या हातांना रजा देणारा तू कोण?" हा म्हणाला, "मग मरा त्या जिन्यांवर." झालं. तेवढं एक वाक्य, आणि पाच वर्षं फोनवर आईच बोलायची. "तुझे बाबा बरे आहेत" हे ती बाबांच्या समोर मोठ्याने म्हणायची आणि बाबा पेपर उलटा धरून ऐकायचे.

मंगळवारी नगरपालिकेचे साहेब भेटायला आले. भला माणूस. सांत्वनाचं बोलून झाल्यावर चाचरत म्हणाले, "काकू, घड्याळाचं बघायला उद्या माणूस पाठवू का? मोटर तर आता बसवावीच लागेल."

आई दोन दिवसांत पहिल्यांदा ताठ बसली. "सोमवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"नाही, म्हणजे चावी..."

"रविवारी ह्यांनी दिलीय चावी. आठ दिवस चालेल. माझा मुलगा शनिवारी येतोय. त्याच्या कानावर बापाच्या हातचे टोले पडू देत. बापाचं तोंड त्याला दिसलं नाही, निदान एवढं तरी. सोमवारी घड्याळ आपलं आपण थांबेल, मग बसवा मोटर, नाहीतर टांगा तिथे फुलांची कुंडी."

साहेब मान डोलावून गेले. आणि खरंच, त्या दिवसापासून आईचा सगळा जीव त्या टोल्यांवर. दर तासाला बोलणं थांबवायची, मोजायची, मग पुढचं बोलायची. एकदा म्हणाली, "अजून आहेत बघ ते. थोडे थोडे उतरतायत." नववीच्या वर्गात मास्तरीण हेच तर शिकवायची, फक्त असं म्हणायची नाही.

बुधवारी दुपारी आई म्हणाली, "त्यांचा वाचायचा चष्मा वर राहिलाय वाटतं. घेऊन येतेस?"

मास्तरीण निघाली. चौकात चष्मेवाल्याचं दुकान बंद होतं. हा चष्मेवाला म्हणजे बाबांचा बुद्धिबळातला जोडीदार. गेल्या वर्षभरात बाबांना तो नवा नाद लागला होता, दर बुधवारी जेवणाआधी जायचे आणि घामाघूम होऊन परत यायचे. आई फाडफाड बोलायची, "बसून बसून इतकं दमायला होतं? प्यादी काय शिशाची आहेत?" बाबा हसायचे आणि आडवे व्हायचे. दुकानाच्या कुलपावर पाटी होती, जुनीपुराणी, कडा गंजलेली. 'दर बुधवारी बंद.' मास्तरणीने ती वाचली, पण पाय पुढे गेले तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरली. ती थांबली, परत वळून पाटीकडे पाहिलं. मग मनोऱ्याचं दार उघडलं.

जिना गोल. घड्याळाची खोली बावीस मीटरवर, आणि जिन्याच्या वरच्या निम्म्या भागात मधली पोकळी वजनासाठी मोकळी सोडलेली. पोकळीच्या भिंतीवर फार पूर्वी कुणीतरी रंगाने वारांच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. सगळ्यात वर रविवार, मग सोमवार, मंगळवार, असं खाली खाली पुन्हा रविवार, आणि तळाला वाळूची पेटी. वजन कुठल्या रेघेवर आलं ते बघितलं की किती चावी उरली ते कळतं. लहानपणी ती बाबांबरोबर इथे यायची आणि वजनाला "आज बुधवार झालास का?" म्हणून विचारायची.

आज बुधवार होता. वजन बुधवारच्या रेघेखाली हातभर असायला हवं होतं. मास्तरीण वाळूच्या पेटीपर्यंत पोचली आणि वजन तिथेच होतं, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर. खालच्या रविवारच्याही खाली. जेमतेम एक मीटर उरलं होतं. दिवसाला दीड मीटर उतरतं. म्हणजे उद्या सकाळी नऊला खेळ खलास.

तिला आधी वाटलं, दोरी सरकली. मग तिने भिंतीवर पाहिलं.

बाबांना सवय होती. चावी देऊन उतरताना वजन जिथे असेल तिथे भिंतीवर खडूने एक आडवी खूण करायची आणि बाजूला तारीख. जुन्या खुणा सगळ्या वर, एकावर एक, रविवारच्या रेघेला चिकटून, नुसता पांढरा राडा. चौदा महिन्यांपूर्वीपासून खुणा खाली यायला लागल्या होत्या. सोमवारच्या रेघेवर. मंगळवारच्या जरा वर. मग बुधवारच्या रेघेवर. आणि तारखांमध्ये आता सात दिवसांचं अंतर राहिलं नव्हतं. तीन दिवस, चार दिवस, तीन दिवस, चार दिवस. रविवार आणि बुधवार. शेवटची खूण गेल्या रविवारची, गुरुवारच्या रेघेवर, बरोब्बर निम्म्यावर. अक्षर वाकडं गेलं होतं.

मास्तरीण पायरीवर बसली. आणि तिला चौदा महिन्यांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. खरं तर आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ती सहामाहीचे पेपर तपासत होती. बाबा समोर येऊन बसले, उगाच लाल पेनाचं टोपण उघडझाप करत. मग म्हणाले, "काय गं मास्तरणीबाई, एक विचारू? वजन एकदम पुरं चढवण्याऐवजी अर्धं आज, अर्धं चार दिवसांनी, असं चढवलं, तर काम तेवढंच ना?"

तिने मानसुद्धा वर केली नव्हती. "तेवढंच बाबा. वजन तेच, उंची तीच. एका दमात चढवा नाहीतर दोन. बेरीज तीच येते."

"नक्की?"

"आता पुस्तकात दाखवू का?"

बाबा हसले होते. उठून स्वयंपाकघराकडे जाताना काहीतरी पुटपुटलेही होते. ते तिने ऐकलं नव्हतं, ती गुणांची बेरीज करत होती. सदतीस की अडतीस, असलं काहीतरी.

मेलं ते सदतीस आणि मेलं ते अडतीस! माणूस समोर बसून विचारतो, आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाबद्दल पोरीला विचारतो, तर विचारावं की नाही, "का हो बाबा? एका दमात चढत नाही का आता?" एवढं एक वाक्य. हँडल फिरवताना धाप लागत होती त्यांना, आणि हे ते कुणाला सांगणार? मुलाला सांगावं तर तो म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो? बायकोला सांगावं तर ती मनोऱ्याची चावी काढून घेणार. राहिली पोरगी. ती तर विज्ञान शिकवते. तिने सांगितलं, काम तेवढंच. मग झालं.

तिने घड्याळात पाहिलं, मनगटावरच्या. तीन वाजत होते. वरून तीन टोले पडले, इतक्या जवळून की दात वाजले. आई घरी मोजत असेल.

हात लावायचा नाही, असं आई म्हणाली होती. हात लावला नाही तर उद्या नऊनंतर दहाचे टोले पडणार नाहीत, आणि परवा नाहीत, आणि शनिवारी दादा येऊन अंगणात उभा राहील तेव्हा चौक मुका असेल. आणि हात लावला तर ते बाबांचे टोले राहणार नाहीत. वजनाला काही कळत नाही कुणी चढवलं ते. पण तिला कळणार होतं.

ती वर गेली. चष्मा खिडकीत होता, बाबांच्या फडक्यावर ठेवलेला. तो तिने पर्समध्ये टाकला, हँडल धरलं आणि फिरवायला लागली. वीस फेऱ्यांत खांदे भरून आले. चाळीसला तळहात पेटले. साठाव्या फेरीला ती हँडलला धरून नुसती उभी राहिली, श्वास जागेवर येईना, आणि ती चौतिशीची होती, धडधाकट. मोठ्याने म्हणाली, "बाबा, अहो सांगायचं तरी!" खोलीत दातेरी चाकं होती, दुसरं कुणी नव्हतं. तिने पुन्हा सुरुवात केली. मध्येमध्ये पायऱ्यांवर जाऊन खाली बघायची. वजन गुरुवारच्या रेघेवर, बाबांच्या शेवटच्या खुणेला आलं तशी थांबली. त्याच्यावर बोटभरही नाही चढवलं. त्यांनी ठेवलं होतं तिथे ठेवलं.

मग तिला भिंतीवरची खिट्टी दिसली. चावी देत असताना वजनाचा जोर काट्यांवर राहत नाही, म्हणून आधी ती खिट्टी खाली पाडायची असते, म्हणजे तेवढा वेळ एक छोटं वजन काटे चालवतं. बाबा एकतीस वर्षांत ती एकदाही विसरले नव्हते. ती विसरली. घड्याळ अकरा मिनिटं मागे पडलं होतं आणि काटे पुढे कसे घ्यायचे हे तिला माहीत नव्हतं.

घरी गेली तर आई चारच्या गोळ्या हातात घेऊन बसली होती. "चष्मा मिळाला?"

"मिळाला."

आईने चष्मा घेतला, पदराने पुसला आणि कपाटात ठेवला.

दादा शनिवारी साडेदहाला आला. दाढी वाढलेली, बॅग खांद्यावर, दारातच आईच्या गळ्यात पडला. मग खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अजून चालू आहे?"

"चालू आहे," आई म्हणाली. "रविवारी दिली होती चावी. जा, अंगणात उभा राहा."

तो अंगणात जाऊन उभा राहिला, हातात फोन, एकसारखा वेळ बघत. अकरा वाजले, टोले नाहीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याचा चेहरा बघवेना. आणि मग पडला पहिला टोला. दादाने फोन खिशात टाकला. दुसरा, तिसरा. तो मोठ्याने मोजत होता, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मोजायचा तसा. सातानंतर त्याला मोजता येईना. कुंपणाला धरून तो घोड्यासारखा माणूस हुंदके देत होता. "बाबा, चुकलो हो," एवढंच म्हणत होता. "बाबा, चुकलो."

मास्तरीण दारात उभी होती. तिने मुठी आवळून पाठीमागे धरल्या होत्या.

थोड्या वेळाने दादाने नाक पुसलं. "आई, अकरा मिनिटं मागे आहे गं. बाबांचं घड्याळ अकरा मिनिटं मागे?"

मास्तरीण काहीतरी सांगायला पुढे झाली. पण आई शांतपणे म्हणाली, "वजन खाली यायला लागलं की ओढ कमी होते रे. मागे पडतंच शेवटी शेवटी."

दादाने मान हलवली. जहाजाची इंजिनं चालवणारा माणूस, पण त्या घडीला त्याला काही सुचत नव्हतं. मास्तरणीने मात्र आईकडे पाहिलं. टांगलेलं वजन वर असो की खाली असो, ओढ तेवढीच असते, त्यात तिळाचा फरक पडत नाही. एकतीस वर्षं घड्याळवाल्याशी संसार केलेल्या बाईला हे माहीत नसेल?

दादा आंघोळीला गेला तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर वाटीत कोमट तेल होतं. "हात दाखव."

मास्तरणीने मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवर फोड, काही फुटलेले. आई तेल लावायला लागली, बोटाबोटाच्या मुळाशी, जिथे बाबांना लावायची तिथेच.

"बुधवारी चारचे टोले चार वाजता पडले नाहीत," आई म्हणाली, "तेव्हाच कळलं. का चढवलंस?"

"तळाला आलं होतं, आई. बाबा अर्धंच चढवायचे. चौदा महिने. रविवारी अर्धं, बुधवारी अर्धं."

आईचा हात थांबला. "बुधवारी?"

"चष्मेवाल्याचं दुकान बुधवारी बंद असतं."

आईने तेलाची वाटी बाजूला सारली. "आणि मी बोलायचे त्यांना. घाम पुसत यायचे आणि मी म्हणायचे, प्यादी शिशाची आहेत का." तिने तेलाचा हात तोंडावर दाबला. मग स्वतःला सावरून विचारलं, "आता कधी थांबेल?"

"उद्या दुपारी. तीनच्या सुमाराला."

"मग उद्या सांगू त्याला खरं. आजचा दिवस ऐकू दे." तिने पुन्हा तळहात हातात घेतला. आणि एकदम म्हणाली, "म्हणजे ते जिने हे होते!"

"कसले जिने?"

"गेल्या वर्षी. तू पेपर तपासत होतीस. हे आत आले, हसत होते, पाणी मागितलं. म्हणाले, पोरगी म्हणते काम तेवढंच. हुशार आहे, पण जिने धरले नाहीत तिने. मी म्हटलं, कसले जिने? तर म्हणाले, काही नाही, तू पोळ्या लाट."

मास्तरणीचे हात आईच्या हातात होते, म्हणून तिला कागद घेता आला नाही. पण कागद लागलाच नाही. वजन चढवायला आधी माणसाला वर जावं लागतं. साठ किलोचा माणूस, बावीस मीटर. साठ गुणिले बावीस, तेराशेवीस. एकशे दहा गुणिले बारा, तेराशेवीस. दर बुधवारी बाबा आणखी एक पुरी चावी देत होते, आणि ती घड्याळाला लागत नव्हती. आकडा सोपा होता. नववीच्या पोरांनाही आला असता.